टिंबाच्या पुढचं

चौल,
१४ नोव्हेंबर

ती. दादास,

साष्टांग वगैरे तुला आवडत नाही, म्हणून नुसता नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो आहे. वादळानंतर वाडीत लावलेल्या पोफळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या. मी अजून घरूनच काम करते. कंपनीचे सर्व्हर चालू राहिले म्हणजे झालं. मी कुठे बसते ते कोणी विचारत नाही.

तुझा मेसेज मिळाला. ‘बाबांना सांग, खेळ पुरे झाला. अर्धी वाक्यं पाठवून माझी टिंगल करू नका. आता मेल आली की पत्ता ब्लॉक करतो.’ मी हे बाबांना सांगितलेलं नाही. तू आधी हे पत्र वाच, मग काय ते ठरव.

बाबांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती इथे राहतात, त्या मी पाहिल्या. एकात आहे: ‘चि. अजेय, अनेक आशीर्वाद. वादळानंतर वाडीत उभा राहून तू म्हणालास, बघा तरी काय उरलंय ते. मी पाठ फिरवून घरात गेलो, कारण’. पत्र संपलं. दुसऱ्यात: ‘परवा रस्त्यावर तुझ्यासारखी शीळ ऐकली आणि’. संपलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

बाबा ज्या प्रोग्रॅममधून लिहितात तो जुन्या घडणीचा आहे. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. पत्ता टंकायचा, विषय टंकायचा, मजकूर टंकायचा आणि शेवटी दोन कळा एकत्र दाबायच्या. पत्र जातं, प्रोग्रॅम बंद होतो, आणि काळा पडदा यंत्राला द्यायच्या पुढच्या हुकुमासाठी उघडा राहतो. मी मुद्दाम तोच दिला. त्यात माउस लागत नाही, आणि पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ यंत्र वाचून दाखवू शकतं.

वाचून दाखवावं लागतं. या वाक्याशी मी बराच वेळ थांबले.

बाबांना काचबिंदू. डावा डोळा तू इथे असतानाच गेला होता. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. उजवा या उन्हाळ्यात गेला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी आम्हा दोघींना शपथ घातली. ‘अजेयला कळवायचं नाही. आला तर मुलगा म्हणून येऊ दे, कीव करायला नको.’

मी कीबोर्डला त्यांच्या कोर्टातल्या टाइपरायटरची मांडणी घातली. अलिबागच्या कोर्टात जन्म काढलेली बोटं. बसल्या बसल्या चालू लागली. यंत्राचा मराठी आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, ‘हा इसम शपथेवर वाचतोय का गं? किती सपाट!’ आई आतून म्हणाली, ‘अख्खी दुनिया फोनवर बोलते, आणि तुम्ही बापलेक भिंतीशी कसले बोलताय!’ बाबा म्हणाले, ‘फोनवर तो माझं ऐकून घेईल का? लिहिलेलं निदान पुन्हा वाचता येतं.’

लिहिताना मात्र ते हेडफोन काढून ठेवतात. टंकताना कानाशी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

तुझा मेसेज आल्यावर मी त्यांच्या मागे उभी राहिले. ते लिहीत होते. मध्येच बोटं अधांतरी थांबली. मग त्यांनी एंटर दाबलं, नव्या ओळीवर एक टिंब दिलं, पुन्हा एंटर. आणि पत्र गेलं.

या प्रोग्रॅममध्ये ओळीवर एकटं टिंब आलं की पत्र संपलं असं धरतात. हा जुना संकेत आहे. मला माहीत होता. बाबांना दोन कळा शिकवल्या होत्या, म्हणून टिंबाचं सांगायची गरज वाटली नाही. आणि त्यांची सवय मला माहीत नव्हती. कोर्टात साक्षीदाराला रडू फुटलं, की न्यायाधीशसाहेब थांबायचे. तेव्हा बाबा नव्या ओळीवर एक टिंब देऊन थांबत. साक्ष पुन्हा सुरू झाली की टिंबापासून पुढे धरत.

दादा, तुला आलेलं प्रत्येक पत्र जिथे तुटलंय, तिथे बाबांना पुढे लिहवलं नव्हतं.

पण ते थांबले नाहीत. पत्र गेल्याचं त्यांना कळलंच नाही, ते पुढे लिहीत राहिले. प्रोग्रॅम बंद झालेला होता, म्हणून यंत्राने त्यांची प्रत्येक ओळ आपल्याला दिलेला हुकूम समजून घेतली, आणि प्रत्येक ओळीखाली उत्तर दिलं: असा हुकूम सापडत नाही. बाबांनी लिहिलं, ‘तू ये.’ यंत्र म्हणालं, असा हुकूम सापडत नाही.

अशा यंत्रात दिलेले सगळे हुकूम साठून राहतात, फसलेलेसुद्धा. मी ती साठवण उघडली. माझ्या कामात रोज हजारो ओळी नजरेखालून जातात, त्यातल्या कुठल्याच आठवत नाहीत. इथे माझ्या तांत्रिक हुकुमांमध्ये बाबा होते, ओळीमागून ओळ, एक अक्षर चुकलेलं नाही. मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. देवळात गेल्यावर आपोआप चप्पल काढावी तसं झालं.

‘कारण’च्या पुढे आहे: ‘मला सगळं धूसर दिसत होतं. पडलेली झाडं वेगळी ओळखू येत नव्हती. तुला ते कळू नये म्हणून आत गेलो, तुझ्यावर रागावून नाही.’ शिळेच्या पुढे आहे: ‘फाटकापर्यंत धावलो. ठेच लागली. शेजारचा निकेश होता.’

मी बाबांना सांगितलं. हसले. ‘म्हणजे कोर्टाने अर्धीच साक्ष नोंदवली म्हणायची.’

‘उरलेली पाठवू?’

‘पाठव. डोळ्यांचं वगळ.’

‘झालेल्या साक्षीत फेरफार करायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत.’

‘वकील व्हायला हवी होतीस,’ म्हणाले आणि उठून वाडीत गेले, पोफळींना हात लावत लावत. नको म्हणाले नाहीत. मी त्याला संमती धरलं आहे.

उरलेलं सगळं या पत्रासोबत जोडलं आहे, जसंच्या तसं. दुपारी चहा झाला की बाबा यंत्र लावतात. ते सांगतं, पत्र नाही. बाबा म्हणतात, ‘तारीख पडली,’ आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवतात. तो पत्ता ब्लॉक करायचा की नाही, हे आता तुझ्या हातात आहे.

तुझी,
निवेदिता

ता. क. बाबांच्या प्रोग्रॅममधला टिंबाचा संकेत मी बंद केला. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो चालू आहे, आणि हे पत्र मी त्यातूनच पाठवते आहे. इथलं मी सगळं नीट सांभाळते, त्याची काळजी करू नकोस. पण दादा, मला
.