रत्नागिरीला न लागलेलं जहाज

बाबा, मी रत्नागिरी बंदर चुकवलं. गावासमोर जहाज आणलं, नांगर टाकला, आणि पाऊण तासात तो उचलून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेलो. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तुमच्यापर्यंत आता कोण पोचणार म्हणा. पण आपल्या गावाचा भरवसा नाही. ज्या उत्साहाने इथले लोक माझी निंदा करताहेत, त्यावरून ती वरपर्यंत ऐकू जात असेल. तेव्हा माझी बाजू माझ्या शब्दांत ऐका. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझं जहाज मुंबईहून रत्नागिरी, मग गोवा, मग कोची असं जाणार होतं. सहलीचं जहाज, ज्याला हल्ली क्रूझ म्हणतात. हजारभर माणसं, पोहायचा तलाव, नाचगाण्यांचे मंच, दिवसभर खाणं. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, 'ह्यात दर्या कुठं हाय?' असलं जहाज रत्नागिरीला पहिल्यांदाच लागणार होतं, आणि कॅप्टन गावचा, त्यातून पडाव चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा. मग काय विचारता! धक्क्यावर मांडव घातला होता. लेझीम, ढोल, शाळेची मुलं, सगळं सज्ज. ताईने आदल्या दिवसापासून नारळ खवायला घेतले होते, माझ्या खलाशांना मोदक खाऊ घालायचे म्हणून. जहाज मोठं, त्यामुळे ते धक्क्याला लागणार नव्हतं. बाहेर नांगरायचं आणि छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर न्यायची. आम्ही त्या होडीला टेंडर म्हणतो. म्हणजे तुमचा पडावच तो, वल्ह्यांच्या जागी इंजिन आलं इतकंच. मुंबईची बोट बाहेर उभी राहायची आणि तुम्ही पडाव वल्हवत जाऊन उतारू घेऊन यायचात, तोच खेळ पन्नास वर्षांनी आम्ही खेळतोय.

सकाळ अशी निर्मळ की काय सांगू. ढग नाही, वारा नाही, दीपगृह हाताला लागेल इतकं जवळ. पण दूर अरबी समुद्रात कुठेतरी वादळ घोंगावत होतं आणि त्याच्या लाटा दोन दिवसांचा प्रवास करून आमच्याकडे येत होत्या. वरून तेलासारखं गुळगुळीत पाणी, आणि खालून सबंध समुद्र श्वास घेतल्यासारखा वर-खाली. भाट्याच्या किनाऱ्याकडे फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ लांबूनही दिसत होती. तुम्हाला हे सांगायला नको. असल्या स्वच्छ दिवसाला तुम्ही 'गोडबोल्या दर्या' म्हणायचात. मी एक होडी रिकामी उतरवली, दोन अनुभवी खलाशी दिले. जहाजाच्या दाराशी आली की होडी पुरुषभर वर जाते, पुरुषभर खाली जाते, मध्येच धाडकन येऊन आदळते. आणि त्या दारातून उतरणारे कोण? काठ्या टेकणारे आजोबा, साड्या सावरणाऱ्या बायका, कडेवर पोरं. मी ध्वनिक्षेपकावर सांगितलं, खराब समुद्रामुळे रत्नागिरीचा थांबा रद्द, आपण गोव्याला जात आहोत.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. स्वागतकक्षापाशी गर्दी, हातवारे, 'ऊन पडलंय आणि म्हणे खराब हवा!' मी खाली गेलो, कारण असल्या वेळी कॅप्टनने वर लपून बसू नये असं मला वाटतं. शिव्या ऐकून घेतल्या. त्या गर्दीत एक गृहस्थ होते, मूळचे चिपळूणचे, आता मुंबईत मुलाकडे राहणारे, पंचाहत्तरीचे असतील. ते ओरडले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "कॅप्टन, लहानपणी मी तुमच्या वडिलांच्या पडावातून उतरलोय. आजोळ रत्नागिरीचं. परत एकदा समुद्राकडून गावात शिरावं म्हणून आलो होतो. तुमचे वडील नसते हो परत फिरले." मी म्हणालो, "नसते फिरले, खरं आहे." ते बाहेर गेले आणि कठडा धरून गावाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात ताईचा फोन आला. "अरे, हितनं तुझी बोट दिसतेय मला! ढग नाय, वारा नाय, नि तू जातंस कुठं? पोरं पहाटेपासून उभी हायत. काय सांगू मी त्यांना?" मी म्हटलं, सांग की कॅप्टन नाही म्हणाला. तिने फोन ठेवला.

मी फेब्रुवारीत सुट्टीवर घरी आलो तोवर गावात एक वाक्य तयार होऊन झिजून गुळगुळीत झालं होतं. सलूनमध्ये, मासळीबाजारात, जिथे जाईन तिथे तेच. "बापाशीन एक बोट चुकवलीन नाय, नि लेकान बंदरच चुकवलान." एकदा तर कोळंबी निवडत एक बाई माझ्याकडे न बघता हे म्हणाली आणि वर "किलो देव की अर्धा?" असंही विचारलं. मी अर्धा किलो घेतली. पण मान खाली घातली नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

त्यातच ती पाटी आली. बंदरावर तुमच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लावायची असं नोव्हेंबरातच ठरलं होतं. जहाज आलं की माझ्याच हस्ते तिचं अनावरण व्हायचं होतं. जहाज न लागताच गेलं, पाटी कापडात गुंडाळून राहिली. समितीचे अध्यक्ष म्हणजे मला सातवीत भूगोल शिकवणारे गुरुजी. ते घरी आले. चहा घेत म्हणाले, "झालं ते झालं. तू ये, पाटीवरचं कापड काढ, दोन शब्द बोल. आणि त्यात दिलगिरीचा एक शब्द घाल. लोकांच्या मनातली अढी जाईल. वडिलांचं नाव राहील." पाटीवर काय लिहिलंय, मी विचारलं. त्यांनी खिशातून कागद काढून वाचलं, 'धक्क्यावर माणसं उभी असताना ज्यांनी कधीही नाही म्हटलं नाही, ते आपले तांडेल.' वाचून गुरुजींनी कागद अभिमानाने माझ्यापुढे धरला. मला मात्र मामाचा पाय दिसला.

तुम्ही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, म्हणून आता मी बोलतो. मी नऊ वर्षांचा आहे. मे महिना संपत आलाय, पावसाळ्याआधीची शेवटची बोट बाहेर येऊन उभी आहे आणि भोंगा देते आहे. समुद्र फुगलाय. तुम्ही धक्क्यावर उकिडवे बसून पाण्याकडे बघताय, बिडी विझून गेलीय तरी ओठांत आहे. तुम्ही मान हलवता, नको अशी. मी पाहिलं आहे ते, बाबा. मग मागून कुणीतरी हसून म्हणतं, "तांडेलाक बांगड्या हव्यात वाटतं," आणि सगळा धक्का हसतो. तुम्ही उठता. मामा, आईचा सख्खा भाऊ, तुमच्या पहिल्या वल्ह्यावरचा माणूस, तोही उठतो. बोटीपाशी पडाव वर गेला, बोट कलली, आणि मामाचं पाऊल मध्ये सापडलं. उतारू सगळे सुखरूप आले, त्यांच्या वळकट्यांमध्ये मामाही आला. आईने लुगडं फाडून पाय बांधला. आणि तुम्ही? बोटीवर अजून माणसं होती, म्हणून तुम्ही मामाला धक्क्यावर ठेवून दुसऱ्या फेरीला गेलात! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाचं पाऊल घोट्यापासून कापलं. त्यानंतर तो ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणत राहिला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने तुम्हाला पेज वाढली, बाजूला सुकटाची चटणी. तुम्ही खाली बघून जेवत होतात. ती म्हणाली, "चुकलं, येवढं तरी म्हणा." तुम्ही भुरका मारलात. ती पुन्हा म्हणाली. तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात. चौदाव्या वर्षी मी धीर करून विचारलं की तुम्ही नाही का म्हणाला नाहीत, तर माझ्या कानाखाली बसली. "तांडेल नाय म्हनला की धक्का हसतो," म्हणालात. बस्स, एवढंच तुमचं तत्त्वज्ञान. मामाच्या घरी तुम्ही मरेपर्यंत दर रविवारी मासे पोचवलेत, मला ठाऊक आहे. पण तो शब्द नाही पोचवलात.

तर मी समारंभाला गेलो. कापड काढलं नाही. माईकवर म्हणालो की नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मी नाही म्हटलं त्याबद्दल मला काडीचीही दिलगिरी नाही, आणि पाटीवरचं वाक्य खरं असलं तरी ते कौतुकाचं नाही. एकदा तांडेलाने नाही म्हणायला हवं होतं. तो नाही म्हणाला असता तर माझ्या मामाला दोन पाय असते. माझ्या वडिलांना वाहवा मिळाली आणि मामाला कुबडी, आणि पाटी मात्र वाहवेची होतेय. गुरुजींनी चष्मा काढला. आणि पहिल्या रांगेतून मामा उठला. तो आता पंच्याऐंशीचा आहे. कुबडी आपटत म्हणाला, "बस खाली! पाय माजा गेलाय, तुजा नाय. मला कुणी बांधून नेलं नव्हतं. वल्हं मीच हातात घेतलं हुतं. भाषान कसलं ठोकतंस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत मी खाली उतरलो. दुसऱ्या आठवड्यात पाटी लागली, त्याच वाक्यासकट. ताई माझ्याशी अजून बोलत नाही.

मामाचं मन मोठं आहे, मान्य. पण त्याच्या मनाच्या मोठेपणावर तुम्ही सुटणार नाही. त्याने वल्हं घेतलं कारण तुम्ही उठलात. तांडेल बसून राहिला असता तर वल्हेकरी कुठे जाणार होते? आणि धक्का हसला असता तर हसू द्यायचं होतं. माझ्यावर सगळं गाव हसतंय, मला काय झालंय? दोन वेळा जेवतोय, बाजारात जातोय. पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर रुजू होईन, आणि समुद्र तसा असला तर पुन्हा नाही म्हणेन, रत्नागिरीला म्हणेन, काशीला म्हणेन.

मांडवात मी जे सांगितलं ते खरं आहे. एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही, आणि ताईलाही कधी सांगणार नाही. त्या सकाळी माझा मुख्य अधिकारी म्हणाला होता, "सर, लाटा उतरताहेत. दोन तास थांबून पाहूया, दिवस आपलाच आहे." तो बरोबर होता. दहा वाजेपर्यंत समुद्र पुष्कळ निवळला, आम्ही तेव्हा विजयदुर्गाच्याही पुढे गेलो होतो, आणि मी यंत्रावरचे लाटांचे आकडे पाहून गप्प बसलो. मी थांबलो नाही, कारण दुर्बिणीतून मला धक्का दिसत होता. मांडव, मुलं, ताई, आणि खुर्ची टाकून बसलेला मामा. थांबलो असतो, समुद्र निवळला नसता, आणि दोन तासांनी त्यांच्यातल्या एकाने नुसता हात वर केला असता, तरी मी होड्या उतरवल्या असत्या, बाबा. अगदी तुमच्यासारखा उठलो असतो.