बेल एअरची दसरापूजा

विनिपेग, ४ ऑक्टोबर २०१७

प्रिय नंदन,

आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं उमावहिनींनी जयंतीला कळवलं. आईंना आता सगळं लख्ख दिसतंय म्हणे. भारतातून परत आल्यावर तुलाही एक गोष्ट लख्ख दिसणार आहे, पण त्या गोष्टीकडे सावकाश येतो.

तू सांगितल्याप्रमाणे दर शनिवारी तुझ्या गराजमध्ये जाऊन तुझी जुनी बेल एअर गाडी सुरू करतो. दहा मिनिटं पुरे म्हणाला होतास, मी तास काढतो. त्रेसष्ट सालची, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी थोरली, आणि अंगावर अजून पहिलाच रंग. क्रीम रंगाचा खडू झालाय, बोट फिरवलं की पूड लागते. डिकीच्या कोपऱ्यात गव्हाचे दाणे आहेत, ते तू झाडलेले नाहीस. आणि ड्रायव्हरच्या खिडकीची ती कड! तिच्या पहिल्या मालकाचं कोपर चाळीस उन्हाळे टेकून टेकून रंग जाऊन पत्रा उघडा पडलाय. मी तिथे कोपर टेकवून बसतो. कोपर नीट बसत नाही. त्या बाबाचा हात लांब असणार, तुझ्यासारखा.

आता जुनं उकरतो. गाडी विकायची जाहिरात आधी मी पाहिली होती, हे तुला मान्य आहे. मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये मंडळींना सांगताना तेवढं वाक्य तू गाळतोस. तुला मी नेलं ते फक्त मत द्यायला. पहिल्या मालकाच्या म्हाताऱ्या बायकोने, ग्लेन्डाबाईंनी, कोठाराचं दार सरकवलं, गाडी दिसली, आणि मी, अकरावीला संस्कृतात पहिला आलेला, जुन्या गोष्टींचा स्वयंघोषित भक्त, काय बोललो? "छान आहे, रंगवून घेतली की नव्यासारखी होईल." जीर्णोद्धार! आपल्याकडे दगडी देवळालाही ऑइल पेंट फासल्याशिवाय पुण्य लागत नाही, तो संस्कार जागा झाला. तू खिडकीपाशी गेलास आणि त्या उघड्या पत्र्यावर हात ठेवलास. म्हातारीने मला चहा दिला आणि तुला गाडी दिली.

तेव्हापासून सव्वा वर्ष मी तुझ्या कौतुकात पुढे असतो. मंडळाच्या पिकनिकला सगळे तिच्याभोवती जमतात, मंडळातला पोरगा चिराग सेल्फी काढतो, कृतिका "अंकल, सो कूल" म्हणते, आणि मी समोशाची बशी धरून "हो ना, हात न लावता ठेवलीये, हेच खरं" असं प्रवचन देतो. षड्रिपू पाठ म्हणताना मी शाळेत नेहमी सहावा विसरायचो. गुरुजी म्हणायचे, सुधन्वा, मत्सर राहिला. राहिला होता खरा, चांगला मुरत राहिला होता.

शनिवारी दसरा होता. जयंती म्हणाली, "अहो, भावजी नाहीत तर गाडीची पूजा कोण करणार? पण त्यांनी बजावलंय हं, ओलं फडकंसुद्धा लावू नका." मी म्हटलं, हळदीकुंकवाची दोन बोटं, त्याने काय होतंय. झेंडू मिळाला नाही, ग्रोसरीतून शेवंतीची कुंडी घेतली. शेजाऱ्यांना स्वस्तिकाचा अर्थ समजावत बसायला नको म्हणून गराजचं दार खाली घेतलं. हळद भिजवली, बॉनेटवर चांगलं थाळीएवढं स्वस्तिक काढलं, नारळ मात्र बाहेर फोडला.

नंदन, त्या खडूने हळद शाईसारखी पिऊन टाकली. पुसून गेली नाही, म्हणून मी रबिंगची, म्हणजे पत्रा घासून चकचकीत करायच्या पेस्टची, डबी आणली. घासता घासता हळद गेली, रंगही गेला, आणि आता तुझ्या बॉनेटवर मधोमध थाळीएवढा चकचकीत पत्रा आहे, आरशासारखा. रंगारी येऊन बघून गेला. पूर्ण बॉनेट दोन दिवसांत जुळत्या रंगात करून देतो, मालकाला आयुष्यात कळणार नाही, म्हणाला. त्याला परत पाठवलं. कारण तुला कळू नये, यात भलं फक्त माझंच होतं. हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. टाइप केलं असतं तर पुढचं वाक्य मी नक्की खोडलं असतं. हळद भिजवतानाच मला ठाऊक होतं की ती उतरणार नाही. तरी स्वस्तिक पूर्ण काढलं. गाडीला एवढा जवळून हात लावायला मिळाला, तो असा लावला. रविवारी विमानतळावर मीच घ्यायला येतोय. वाटेत बोलू नकोस हवं तर. पण गराजचं दार तू एकटा उघडू नकोस, मला शेजारी उभं राहू दे.

तुझाच, अजूनही, म्हणशील तर,
सुधन्वा