दगडातल्या माशाची शेपटी

तीर्थरूप मामा आणि मामी यांना,

भाच्याचा प्रभूमध्ये सलाम. मामा, तुमचा खोकला आता कसा आहे? आयुष्यभर दगडाची भुकटी गिळल्यावर छाती थोडी कुरकुर करणारच, पण डॉक्टरांनी दिलेलं औषध तुम्ही घेता की नुसतं खिडकीत मांडून ठेवता, हे मामींनी उलट टपाली कळवावं. मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (म्हणजे बाकीचे खुशाल आहेत. माझी तीन आठवडे झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे आणि दुकानाच्या दाराशी कुणाची चप्पल वाजली तरी मी दचकून उठतो. पण ते सावकाश सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र अर्धवट टाकून इकडे यायला निघाल. तसे निघालात तरी माझी हरकत नाही.)

आमच्या सासऱ्यांना तुम्ही लग्नात पाहिलंच आहे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते आपल्याकडे बघतात तेव्हा आपल्याही आतलं एखादं चाक सैल असावं असं वाटायला लागतं. चर्चच्या मंडळीत त्यांचा शब्द पाळकसाहेबांच्या खालोखाल, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की सगळ्यांच्या वर. पवित्र शास्त्रातल्या पहिल्या माणसापासून सगळ्या बापलेकांच्या वयांची बेरीज करून त्यांनी पृथ्वीचं वय काढलं आहे. सहा हजार वर्षं आणि वर थोडी. ती थोडी म्हणजे नेमकी किती, यावरून त्यांच्यात आणि पाळकसाहेबांत अकरा वर्षांचा फरक पडतो, आणि दर वर्षी त्यापायी महिनाभर दोघांचं बोलणं बंद असतं. अशा माणसाच्या पोटी माझा मेहुणा जन्मला आणि शिकूनसवरून कॉलेजात दगडांचा मास्तर झाला. लहानपणी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आला तर त्याला दारात उभं राहावं लागे. तोच मुलगा चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर सांगून बसला की आपल्या घराखालचा खडक दहा कोटी वर्षांचा आहे. सासऱ्यांनी जेवण संपवलं, हात धुतले, मुलाच्या खोलीत गेले आणि तिथलं भिंतीवरचं घड्याळ थांबवून आले. त्यानंतर त्यांनी त्या घड्याळाला किल्ली दिली नाही आणि मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. मुलगाही त्यांचाच, तो गेला तो पुन्हा फिरकला नाही. माझी बायको चार वर्षं दोघांच्या मधे निरोप नेऊन आणून मेटाकुटीला आली होती.

मला विचाराल तर मी या भांडणात कधी पडलो नाही. मी विश्वासणारा माणूस आहे. सहा दिवसांत केलं म्हणतात तर सहा दिवसांत केलं असेल, करणारा तेवढा समर्थ आहे. पण तीस वर्षं दगड फोडतोय, आजवर एकाही गिऱ्हाइकानं मला दगडाचं वय विचारलेलं नाही. माझ्याकडे लोक येतात ते दोनच तारखा घेऊन, एक जन्माची आणि एक मरणाची. मधली रेघ सरळ आली म्हणजे झालं. (एकदा एका बाईंनी ती रेघ थोडी लांब करा म्हणून सांगितलं होतं. मी केली. का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.)

आता मूळ गोष्ट. मंडळीच्या नव्या सभागृहात बसवायला नावाची फरशी हवी होती, आणि ती सासऱ्यांच्या सांगण्यावरून माझ्याकडे आली. मी थरांचा पिवळट दगड आणला आणि छिन्नी लावून मधोमध उकलला. वरची अर्धी बाजू मामींनी मागच्या दारी कपडे धुवायला मागितली होती, म्हणून ती तशीच धुळीसकट तुमच्याकडे येणाऱ्या सकाळच्या ट्रकवर चढवून दिली. खालची बाजू धुतली आणि माझ्या हातातली बादली खाली पडली. दगडात मासा होता, मामा. डोकं, डोळ्याची खाच, कल्ले, काट्यांच्या ओळी, सगळं जिथल्या तिथे. तोंड उघडं. फक्त शेपटी नव्हती. तिथला पापुद्रा उडाला होता आणि नुसता खळगा राहिला होता.

आणि इथे, मामा, तुमची शिकवण आडवी आली. अर्धं काम गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हे तुम्ही मला छिन्नी धरायला शिकवण्याच्या आधी शिकवलंत. थडग्यावरच्या देवदूताचं फुटलेलं नाक तुम्ही जेवणाच्या सुटीत नवं घडवून बसवलं होतं आणि घरच्यांना आजतागायत पत्ता नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. सासरे दुपारी तीनला फरशी बघायला येणार होते, म्हणजे तीनला येणारच होते. माझ्या मनात पाप नव्हतं. मला तो मासा बिचारा अर्धवट दिसला, एवढंच. योगायोगानं बायकोनं सकाळी आणायला सांगितलेला मासा पिशवीत तसाच होता. मी तो काढून समोर ठेवला, त्याची शेपटी बघून बघून दगडावर चाळीस मिनिटांत शेपटी काढली आणि रंग जुळावा म्हणून चहाचं पाणी चोळलं. (पिशवीतला मासा तोवर नरम पडला आणि घरी त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.) काम इतकं बेमालूम झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. तीन वाजेपर्यंत वाटत राहिलं.

सासरे आले. माशाकडे बघून थबकले. सवयीनं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढून खिशात टाकलं. आणि हा इस्त्रीच्या पँटीला डाग पडला तर दिवसभर बेचैन असणारा माणूस माझ्या दुकानातल्या चिखलात गुडघ्यांवर बसला. जलप्रलयात सापडलेला हा, म्हणाले, तोंड मिटायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, मामा. तोंड माझंही उघडंच होतं, पण आतून काही आलं नाही. आणि एकदा त्या क्षणी नाही बोललो म्हटल्यावर पुढे बोलणं दर दिवसाला अवघड होत गेलं.

चार दिवसांत बाहेरगावचे एक व्याख्याते हजर झाले. शास्त्र आणि विज्ञान यांचा मेळ घालून दाखवतात, दोन पेट्या भरून चित्रं बरोबर असतात. माणूस गोड आहे, माझ्या छिन्न्यांची नावं त्यांनी फार आस्थेनं विचारून घेतली. मग पट्टी घेऊन शेपटी मोजली आणि म्हणाले, बघा, ही शेपटी आज बाजारात मिळणाऱ्या माशासारखी आहे, हुबेहूब, एका रेघेचा फरक नाही, म्हणजे मासा निर्माण झाला तसाच्या तसा राहिला आहे. सगळे माना डोलवत होते. मीही डोलवली. हुबेहूब असणारच होती हो, मी समोर ठेवून काढली होती.

ही बातमी मेहुण्याच्या कानावर गेली. बहिणीच्या चार वर्षांच्या निरोपांनी जो हलला नाही तो दगडातल्या माशासाठी पहिल्या गाडीनं आला. डोकं बघून खूष झाला, शेपटीशी येऊन थांबला. हे डोकं जुन्या जातीचं आणि शेपटी अगदी नवी, हे एका अंगावर कसं, म्हणून कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बसला. मग सासरे तिथे आले. दुकानात मी, मासा आणि हे दोघे. मी पॉलिशच्या यंत्रामागे जाऊन उभा राहिलो. सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं, स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस." चार वर्षांतला पहिला शब्द. त्यानंतर दोन तास दोघं शेपटीवरून असे भांडले की बायको डबा घेऊन आली ती दारातच ऐकत उभी राहिली आणि रडायला लागली.

तेव्हापासून मेहुणा दर मंगळवारी येतो. शेपटीवर भांडण होतं, चहा होतो, पुन्हा शेपटी. गेल्या मंगळवारी तो रात्री वडिलांच्याच घरी राहिला. दुसऱ्या दिवशी बायको तिकडे गेली तर त्याच्या खोलीतलं घड्याळ चालू होतं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मी दुकानात जाऊन शेपटी पुन्हा एकदा बघून आलो. सगळं माझ्या चाळीस मिनिटांच्या शेपटीवर उभं आहे, मामा. ती खोटी निघाली की सासरे म्हणणार, मुलानं फजिती करायला जावयाला फितवलं. मुलगा म्हणणार, बापानं मला मूर्ख बनवायला खोटा दगड घडवला. आणि ते घड्याळ पुन्हा थांबलं तर त्याला किल्ली द्यायला कुणी उरायचं नाही. सासऱ्यांचं वय सत्त्याहत्तर आहे, हे मोजायला शास्त्राची बेरीज लागत नाही.

येत्या रविवारी ती फरशी सभागृहाच्या भिंतीत बसायची आहे. व्याख्याते तिचा फोटो पुस्तिकेत छापणार, खाली सासऱ्यांचं नाव. परवा एका गृहस्थांना मी जन्मण्याच्या दोन वर्षं आधी मारून ठेवलं, दगड फुकट गेला. उपासनेला बसवत नाही. चर्चच्या भिंतीवर दहा आज्ञा मीच कोरल्या आहेत, आणि खोट्या साक्षीची नववी नेमकी माझ्या बाकासमोर येते. अक्षर फार ठळक आलं आहे. तेव्हा त्याचंही कौतुक वाटलं होतं.

असो. तुम्हाला उगाच घोर लावायला हे लिहिलेलं नाही. बऱ्याच दिवसांत खुशाली कळली नव्हती, म्हणून पत्र. तुमच्याकडे काम असं काहीच नाही. मामींना सलाम, धाकटीला आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. एक अगदी किरकोळ गोष्ट राहिली. मामींच्या मागच्या दारी मी पाठवलेला जो धुण्याचा दगड आहे, तो याच दगडाची दुसरी बाजू आहे. उडालेली खरी शेपटी त्याला चिकटून गेली असणार. कुणी तो पाहिला तर माझं काही खरं नाही. तरी पत्र वाचल्याबरोबर घणानं त्याचा चुरा करावा आणि परसात टाकावा. मामींना नवा दगड पाठवतो, याच्यापेक्षा मोठा. (मामी, तुम्ही पत्र मोठ्यानं वाचता हे मला माहीत आहे. एवढा भाग हळू वाचा.)

ता. क. दुसरं. मामा, वरचं वाचून घण घेऊन मागच्या दारी गेला असलात तर मामींनी आधी तुम्हाला हाक मारावी आणि मग पुढे वाचावं. फोडू नका. ट्रक उद्यावर गेला म्हणून पत्र माझ्याकडेच राहिलं, आणि आज मंगळवार नसताना मेहुणा दुकानात आला. एकटाच. स्टूल ओढून बसला, भिंग काढलं. (ते भिंग सासऱ्यांचं जुनं आहे. तो आठ वर्षांचा असताना त्यांनीच त्याला दिलं होतं, मुंग्या बघायला.) शेपटीवर अंगठा फिरवून मला म्हणाला, "दाजी, ही तुमची ना?"

मी छिन्नी उचलून पुसायला लागलो. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी कळलं होतं, छिन्नीचा माग दिसतो. मग बोलला का नाहीस, एवढंच मी कसंबसं विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "चार वर्षांनी बाबा मला 'बस' म्हणाले. शेपटीसाठी उठून जाऊ?"

मला वाटलं सुटलो. पण तो पुढे म्हणाला की फोटो छापला की कुणीतरी तिसरा भिंग घेऊन येईल आणि बाबांना हसेल, ते मला बघवणार नाही. मग तूच सांग त्यांना, म्हटलं मी. (भित्रेपणा पाहा.) तो म्हणाला, "मी सांगितलं तर मी जिंकल्यासारखं होईल. तुम्ही सांगा."

तर मामा, मला सांगायचं आहे, आणि भीतीनं माझा जीव अर्धा झाला आहे. तुम्ही शनिवारी त्याच ट्रकनं या, दगड घेऊन या आणि मी सांगत असताना नुसते माझ्या शेजारी बसा. खोकलात तरी चालेल. खरी शेपटी समोर असली तर त्या दोघांना भांडायला खरं काहीतरी मिळेल. तेवढ्यावर त्यांचे पुढचे सगळे मंगळवार निघतील.

ता. क. तिसरं. बायकोनं हे सगळं आत्ता वाचलं. मला वाटलं ओरडेल. तिनं एवढंच विचारलं की तिकडच्या दगडावरही शेपटी अर्धीच असली तर? याचा मी विचार केला नव्हता. तसं असेल तर अर्धीच आणा. मामा, हात जोडतो, तिला हात लावू नका. मी तुमच्याच हाताखाली शिकलो आहे.