आत्या, विळीचा दोष नव्हता

प्रिय आत्या,

लग्नाआधी तुला 'अगं आत्या' म्हणायची. तुझ्या पोराशी लग्न झालं नि दुसऱ्या दिवसापासून 'अहो आत्याबाई' सुरू झालं. तू जाऊन वर्ष झालं, आता ते अहो-बिहो राहू दे. लई भेव वाटायलंय, आणि भ्यायलेल्या माणसाला मानपान सुचत नाही.

मला पुन्हा दिवस गेलेत. संभाजीनगरच्या दवाखान्यात पोटातलं, बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासायला घेतलंय. सोमवारी रिपोर्ट. हे बाळही आपल्या गोपूसारखं, लहान डोक्याचं आहे का, ते त्यात कळणार. तुझा दिनकर वाळूजला शिफ्टला जातो, येतो, जेवतो, झोपतो. विचारलं तर म्हणतो, "बघू." काय बघू? इथं मी सोमवारपर्यंतचे दिवस मोजायलेय आणि हा बघू म्हणतो!

आईला फोन केला तर तीच रडत बसते, मग मलाच तिची समजूत काढावी लागते. म्हणून तुला लिहायलेय. तू तरी रडणार नाहीस.

गोपू झाला तेव्हा पाहुण्यांना काय सांगत होतीस, आठवतं? "ग्रहणात हिनं विळी हातात घेतली, मी नको नको म्हणत होते." कांदा चिरला होता गं मी, एक कांदा! त्याच्यापायी सहा वर्षं विळी बघितली की मी तोंड फिरवायची. तू त्याची टाळू भरायचीस, डोकं वाढंल म्हणून तेल जिरवत बसायचीस, आणि मी बाजूला गुन्हेगारासारखी उभी.

आता डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. तुलाही सांगते, तुला कळंल असं. पोटात बाळाचा मेंदू घडतो तेव्हा सुरुवातीला नुसत्या मूळपेशी असतात. त्यांनी आधी आपल्यासारख्याच आणखी पेशी करायच्या, आणि मग त्यातल्या थोड्या-थोड्यांनी मज्जापेशी व्हायचं. दही संपवताना आपण उद्यासाठी विरजण बाजूला काढतो ना, तसं. कधी थांबायचं, कधी पुढं जायचं, हे ठरवायला एक प्रथिन असतं. ते पेशीच्या आत जनुकांवर जाऊन बसतं आणि हे चालू कर, ते बंद ठेव, असं सांगत राहतं. गोपूच्यात ते प्रथिनच धड नव्हतं. सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर मूळपेशी घाईघाईनं मज्जापेशी होऊन बसल्या, काही मरून गेल्या, आणि विरजण उरलंच नाही. मेंदू तेवढाच राहिला. ह्यात विळीचा काय संबंध?

मग बाई म्हणाल्या, हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. आमच्या दोघांतही तो आहे. दिनकरला मामाचीच पोरगी केलीस ना! "परक्याची पोर आणून काय करू, घरातली घरात बरी," म्हणाली होतीस. मीही खूश होते, सासूचा जाच नाही म्हणून. प्रत्येक बाळाला चारात एक धोका, असं त्यांनी सांगितलं. चारात एक म्हणजे थोडा का लई, आत्या? सकाळी थोडा वाटतो. दुपारपर्यंत लई होतो.

हे अण्णांना, तुझ्या भावाला, सांगायला माहेरी पिशोरला गेले. ते म्हणाले, "आमचा नामा तसाच होता."

तुमचा धाकटा भाऊ, मी पहिल्यांदाच ऐकला! पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत ठेवायचे, तुझी सोयरीक मोडू नये म्हणून. तिथंच तो वारला, आणि पुन्हा घरात त्याचं नाव निघालं नाही. म्हणजे हे आपल्या घराण्यातलंच आहे, ते तुला ठाऊक होतं. नामाचं नाव घ्यायचं नव्हतं म्हणून माझं घेतलंस व्हय? लई राग आला तुझा. अण्णांसमोरच तुला बोल बोल बोलले.

पण तुझा राग टिकत नाही, हीच तर पंचाईत आहे. कन्नडच्या बाजारात गोपूला कडेवर घेऊन तूच हिंडायचीस. कुणी टक लावून बघितलं की म्हणायचीस, "काय बघायला रे? पोरगंच हाय." बघणारा खाली मान घालून निघून जायचा. नामाला कधी असं नेता आलं नाही, म्हणून ह्याला नेत होतीस का?

आणि ह्याच्याही पुढचं भेव सांगू? रिपोर्ट वाईट आला तर बाळ ठेवायचं का नाही, ते घरी ठरवून यायला सांगितलंय. सगळे गोपूसमोरच बोलतात, असलं दुसरं नको. त्याला कळत नाही म्हणतात. पण त्याच्याकडं बघून बोललं की तो हसतो, आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय असं समजून. मी 'नको' म्हटलं, तर कुणाला म्हटलं? पोटातल्याला का ह्याला? आणि 'हवं' म्हटलं, तर दोघांना उचलायला माझे हात पुरतील का? आमच्या माघारी ह्यांना कोण बघंल?

काय ठरवीन ते मलाच माहीत नाही, त्यामुळं त्याचा शब्द तुला देत नाही. एवढाच देते. सोमवारी गोपूला शेजारणीकडं ठेवणार नाही, सोबत नेणार. मांडीवर घेणार. डॉक्टरीणबाईंना जे काय सांगायचं, ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगणार. हात ठेवून सांगता आलं नाही, तर ते मी सांगणारच नाही.

तुझी भाची आणि सून,
सुरेखा