शंभरातले चौसष्ट

अहमदपूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय वैजनाथभाऊजी,

भोकरला सगळे बरे असतील. सिंधूचा खोकला थांबला का? इकडं सोयाबीन फुलावर आलंय. ओळीत कुठंच खंड पडला नाही.

आपल्या शिल्पाचं बी.ए.चं संख्याशास्त्राचं पुस्तक लातूरला न्यायचं राहून गेलं. महिनाभर मीच ते वाचतेय. एक धडा चार वेळा वाचला.

जूनमध्ये तुम्ही बियाण्याचं पोतं दिलंत, शंभरात सत्तर उगवतील म्हणालात. मी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले. चौसष्टांना मोड आले. त्यावर वीरण्णाच्या दुकानापुढं चार माणसांत मी तुम्हाला म्हणाले, "उरलेला कचरा विधवेच्या दारात टाकला का?" तुम्ही एवढंच बोललात, "वहिनी, कमी वाटत असंल तर दाट पेरा. पण पेरा." आणि आणखी अर्धं पोतं ओसरीवर ठेवून गेलात. तेव्हापासून आला नाहीत.

धड्यात लिहिलंय, आधी समोरच्याचं म्हणणं खरं धरायचं. मग बघायचं, ते खरं असूनही इतके कमी दाणे निव्वळ योगायोगानं कितीदा निघतील. वहीत मांडून पाहिलं. सत्तरच्या पोत्यातून शंभर वेळा शंभर-शंभर दाणे काढले, तर दहाएक वेळा चौसष्ट किंवा त्याहून कमीच उगवतील. पाचापेक्षा कमी वेळा असतं तरच शंका घ्यायची, असं धडा सांगतो. यानं तुमचे सत्तर खरे ठरत नाहीत, भाऊजी. पण तुम्हाला खोटं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडं नव्हता.

शिल्पा फोनवर म्हणाली, पेरून उरलेल्या सगळ्या दाण्यांना मोड आणून मोजू, म्हणजे नीट कळंल. मी त्या दाण्यांचा डबा काढला आणि परत ठेवून दिला.

भांडण दाण्यांचं नव्हतं. दरवर्षी ते गोणपाट तुमचे दादा उलगडायचे. यंदा मी एकटीनं उलगडलं. त्याच सकाळी तुम्ही दुकानात पाठमोरे उभे होता. तीच मान, तोच झुकलेला खांदा. मला सोसलं नाही. तुम्ही दिसताय आणि ते नाहीत, याचाच राग होता. दाण्यांचं निमित्त नंतर सापडलं.

ते अर्धं पोतं नसतं तर मी यंदा रान पडीकच ठेवलं असतं. रोज बांधावर उभी राहिले की तुमची आठवण येते.

वीस तारखेला त्यांचं वर्षश्राद्ध आहे. आम्हाला मुलगा नाही, पिंडाला हात भावाचाच हवा. भटजींना तुमचं नाव सांगून ठेवलंय. या वेळी तुम्ही याल हे मी आधीच खरं धरलंय.

तुमच्या दादांच्या घरातून,
तुमचीच वहिनी
रुक्मिणबाई