उचललेली ओळ

सोमवार
आलो एकदाचा! स्टुडिओ म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. भिंतींना जुनी कार्पेटं ठोकलेली, सोफ्याची स्प्रिंग बसणाऱ्याला टोचते. बँडचा ड्रमर सगळ्यांचाच दादा. आल्या आल्या त्याने माझी बॅग हातातून घेतली, जेवलास का विचारलं. त्याचा धाकटा भाऊ या बँडचा गायक होता. अल्बम अर्ध्यावर असताना अपघातात गेला. त्याच्या जागी आता मी. आईला फोन केला, तर म्हणे, गाण्याच्या नादात उपाशी राहू नकोस.

मंगळवार
इथली पद्धत अशी: चाल कळावी म्हणून धाकट्याने गाऊन ठेवलेलं कच्चं गाणं माझ्या हेडफोनमध्ये वाजतं, त्यावर मी गातो. मग त्याचं पुसायचं, माझं ठेवायचं. सगळं जमलं, पण शेवटच्या ओळीतला वरचा सूर काही केल्या लागेना. बेस गिटारवाल्याने विचारलं, घशात मांजर पाळलंय का.

बुधवार
लिहायलाही लाज वाटते. रेकॉर्डिस्ट चहाला गेला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसलो. धाकट्याची ती ओळ उचलून माझ्या गाण्यात जोडली. एकच ओळ. दुपारी सगळ्यांनी ऐकलं. दादा रडला. मला पोटाशी धरून म्हणाला, धाकट्यासारखाच लागला रे तुझा सूर. मी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार
ती ओळ आज मला गुणगुणताही येईना. तोंड उघडलं की नुसता वारा. आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर पहिल्या कडव्यातही त्याचाच आवाज! मी जोडलेला नाही, शप्पथ. रेकॉर्डिस्ट म्हणाला, कच्चं गाणं तर मी कालच पुसलं.

शुक्रवार
आता अख्खं गाणं त्याचं. जेवताना मी मीठ मागितलं — त्याच्या आवाजात. सगळ्यांचे घास हातातच राहिले. दादाने मात्र हसून मीठ दिलं.

शनिवार
आज सांगून टाकणार होतो. दादा, मी चोरी केली — एवढंच तर. पण 'दादा' म्हटलं आणि त्याने डोळे मिटले. म्हणाला, पुन्हा म्हण. पुन्हा म्हणालो. पुढचं घशातच —

रविवार
आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मीच गं, आई. म्हणाली, थट्टा पुरे, माझ्या मुलाला फोन द्या. मी — ठेवला तिने.

दादा जिना चढतोय. हाक मारतोय. माझं नाव नाही — भावाचं.

ओ द्यायची नाही. डाव्या हाताने तोंड दाबून लिहितोय. पण हाताखाली ओठ — मी नाही हलवत — ओ दि