बार तेरेसा वेदने बुडवला नाही

मी, मृणालिनी गुरुदत्त प्रधान, राहणार ॲन आर्बर, मिशिगन, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके ठिकाणावर आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बार तेरेसा हे कॉफीचे दुकान गेल्या हिवाळ्यात बंद झाले, त्यामुळे ते कोणाच्या नावे करण्याचा प्रश्न उरत नाही. ते आल्दो या इटालियन गृहस्थाने काढले होते. मी तिथे कामाला होते. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "साखर लोकांना घालू दे, कॉफी तू बिघडवू नकोस." प्राध्यापक, बसचालक, विद्यार्थी काउंटरपाशी खांद्याला खांदा लावून उभे राहात आणि भांडत. ते भांडण ऐकायलाच मी सकाळी लवकर जात असे.

२. कॉफीचे मशीन वेदला, माझ्या मुलाला. जवळच्या नोव्हाय शहरातली, गाड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून तो दुकान सावरायला आला. त्याने खुर्च्या आणल्या, गोड सिरपे आणली, फोनवरून ऑर्डर सुरू केली. मला ते आवडले नाही आणि मी तसे बोललेही. पण जुनी गिऱ्हाइके त्याच्याआधीच कमी झाली होती. काही वारली, काही निवृत्त होऊन ॲरिझोनाच्या उन्हात गेली. नव्यांना उभे राहायला सवड नव्हती.

३. श्री. संजीव रेगे यांना मी काहीही ठेवत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत वेदच्या देखत ते म्हणाले, "चालता धंदा पोराने बुडवला." संजीवभाऊ, तुम्ही स्वतः गाडीतून न उतरता दुसऱ्यांच्या ड्राइव्ह-थ्रूमधून कॉफी नेऊ लागलात, ती वेद यायच्या आधीपासून.

४. शिल्लक ठेवींतून प्रथम दुकानात कामाला असलेल्या आश्लेषाला तिच्या शिक्षणाच्या उरलेल्या फीपुरती रक्कम द्यावी. शेवटपर्यंत काउंटरवर तीच होती. बाकी दोन्ही मुलांत सारखी वाटावी.

५. शेवटच्या दिवशी वेदने फुकट कॉफीची पाटी लावली, नवा ॲप्रन बांधला आणि दारात उभा राहिला.

"आई, आज तरी येतील ना गं सगळे?"

"येतील रे," मी म्हटले.

पोस्टमन आला. एक बाई वायफायचा पासवर्ड विचारून गेली. संध्याकाळी वेदने ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. त्या दिवशी माझी मुलगी अनया फोनवर त्याला म्हणाली, "यू किल्ड इट, वेद. आईचं सगळं आयुष्य होतं ते." तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. अनया, ते माझे सगळे आयुष्य नव्हते. तुम्ही दोघे होतात.

६. राहते घर दोघांच्या नावे. दोघांनी स्वतः येऊन, एकत्र, ते आवरावे. माणूस लावू नये, एकाने दुसऱ्याला यादी पाठवू नये.

७. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तितका धीर मला नाही. याची प्रत मी आजच दोघांना पाठवत आहे. अनया, तू मोठी आहेस. फोन तू कर.

ठिकाण: ॲन आर्बर, मिशिगन
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: मृणालिनी गुरुदत्त प्रधान

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: रत्ना अरुण सबनीस (शेजारी)
साक्षीदार २: राजाराम वि. टिपणीस (मंडळाचे माजी खजिनदार, कलम ३ वाचून हसले, तरी सही केली)